चढ चालतो, उतार नको

साताऱ्यात राहणाऱ्याच्या पायांना चढ-उतार चुकत नाही. पोवई नाक्यावरून राजपथाने राजवाड्याकडे यायचं तर चढ, परत जायचं तर उतार. जिल्हा परिषदेच्या शाळेतली माझी सगळी नोकरी फळ्यासमोर उभ्याने गेली आणि उरलेलं चालणं या रस्त्यांवर झालं. आता मी ७१ वर्षांची आहे. दोनेक वर्षांपूर्वी पायांची तक्रार सुरू झाली, तेव्हा तिच्यातली एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. चढताना मला फारसा त्रास व्हायचा नाही, उतरताना व्हायचा.

उतार लागला की थोड्याच अंतरात कंबरेखाली जडपणा यायचा. मग मांड्या भरून यायच्या, पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, तळव्यांना मुंग्या. नुसतं थांबून भागायचं नाही, बसावंच लागायचं. एखाद्या दुकानाच्या पायरीवर दोन-चार मिनिटं टेकलं की पाय पुन्हा माझे व्हायचे. घरात पोळ्या करताना तीच गत. ताठ उभी राहिले की कंबर धरायची, कोपरं ओट्यावर टेकवून जरा वाकले की सुटायची. हे सगळं मी प्रत्येकाला सांगत होते आणि प्रत्येकाकडून एकच उत्तर येत होतं, "आता वय झालं." शेजारीण म्हणाली वात आहे, नणंद म्हणाली सांधे झिजलेत, मेडिकलवाल्याने मागितल्याबरोबर गोळ्यांची पट्टी काढून दिली.

पहिल्या डॉक्टरांनी गुडघ्यांचे एक्स-रे काढले. गुडघे झिजलेले निघाले. या वयात कोणाचे निघणार नाहीत? गोळ्या, मलम आणि कंबरेला पट्टा मिळाला. गोळ्या घेतल्या की चार दिवस बरं, पुन्हा येरे माझ्या मागल्या. मला बारा-तेरा वर्षांपासून मधुमेह आहे, हे केसपेपरवर लिहिलेलं होतं. तरी त्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या, मूत्रपिंडावर त्यांचा काय परिणाम होतो, याबद्दल कोणी शब्द काढला नाही. मग मुलाने पुण्याला बोलावून एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. एमआरआय झाला. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मध्ये नसांचा मार्ग अरुंद झाला आहे, असा रिपोर्ट आला. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म प्रकाशाला धरून बघितली आणि ऑपरेशनची तारीख विचारली. मी खुर्चीवर बसले होते. मला चालून दाखवायला कोणी सांगितलं नाही. पायातले मोजे काढायला कोणी सांगितलं नाही. मुलगा खर्चाची चौकशी करायला काउंटरवर गेला, तेव्हा मी ह्यांना म्हटलं, आधी साताऱ्याला परत जाऊ, आणखी एकाला दाखवू, मग ठरवू.

ज्या बाईंनी मला शेवटी नीट तपासलं, त्या हाडांच्या डॉक्टर नव्हत्याच. मधुमेहाच्या फिजिशियन. त्यांनी एमआरआयचं पाकीट बाजूला ठेवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. चालताना दुखतं की नुसतं उभं राहिल्यावरही? थांबल्यावर बरं वाटतं की बसल्यावर? चढताना जास्त की उतरताना? हा प्रश्न ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस मी जे सांगत होते, ते त्यांनी आपणहून विचारलं होतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मणक्यातून नसा जिथून जातात ती जागा वयोमानाने अरुंद होते. चकती बाहेर सरकते, मागचे सांधे वाढतात, आतला एक अस्थिबंध जाड होतो. आपण ताठ उभे राहिलो किंवा मागे झुकलो की ती जागा आणखी आकसते. पुढे वाकलो की मोकळी होते. उतारावर तोल सांभाळायला माणूस नकळत मागे झुकतो, चढावर पुढे वाकतो. म्हणून मला राजपथ चढताना सोपा आणि उतरताना अवघड. अशा रुग्णांना बरेचदा सायकल चालवताना त्रास होत नाही, कारण सायकलवर कंबर वाकलेली असते. पायांचा रक्तपुरवठा कमी झाला असेल तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण तेव्हा चढ जास्त त्रास देतो आणि जागच्या जागी नुसतं उभं राहिलं तरी बरं वाटतं. दोन्ही आजार म्हातारपणी होतात, मधुमेह असला तर दोन्ही एकत्रही असू शकतात. म्हणून त्यांनी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून दोन्हींचं गुणोत्तर काढलं. ते ०.९ च्या खाली गेलं तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचा संशय घेतात. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्या तर आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून पावलावरच्या आणि घोट्याच्या आतल्या बाजूच्या नाड्याही त्यांनी बोटांनी चाचपून बघितल्या. रक्तपुरवठा ठीक निघाला.

"आता पाय दाखवा," त्या म्हणाल्या.

मी पाय पुढे केले. त्या स्टुलावर बसल्या, माझी टाच मांडीवर घेतली आणि दिवा खाली ओढला. मला फार संकोच वाटला. टाचांना भेगा होत्या, नखं जाड झालेली, उजव्या चवड्याखाली एक कुरूप, आणि शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात चिखल्या. त्यांनी एकेक बोट फाकवून बघितलं. मग एक नायलॉनचा बारीक तंतू काढला. तो टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅम भाराला वाकतो. डोळे मिटायला सांगितले आणि "जिथे कळेल तिथे हो म्हणा" असं सांगून तळव्यावर निरनिराळ्या ठिकाणी टेकवत गेल्या. मी मधूनमधून "हो" म्हणत होते. डोळे उघडल्यावर त्यांनी पेनने खुणा करून दाखवलं. दोन्ही अंगठ्यांवर आणि उजव्या चवड्यावर, अगदी कुरूप होतं तिथेच, मला काही कळलंच नव्हतं. कंप पावणारा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्यावर ठेवला, तोही नीट जाणवला नाही.

"चालताना चप्पल पायातून निसटते का? आणि निसटली तर कळतं का?"

निसटत होती. दोनदा तर मागून ह्यांनी आवाज दिला तेव्हा मला कळलं होतं. त्याचा संबंध मी कशाशीच जोडला नव्हता, चपलेचा अंगठा सैल झालाय असं वाटायचं. रात्री गादीवर चालल्यासारखं वाटायचं, तेही त्यातलंच.

म्हणजे मला एक नाही, दोन दुखणी होती. कंबरेत नसा दाबल्या जात होत्या, ते एक. मधुमेहाने पायांच्या नसा बधिर होत होत्या, ते दुसरं. एमआरआयमध्ये पहिलं दिसलं, दुसरं दिसणं शक्यच नव्हतं. ऑपरेशन करून पहिलं बरं झालं असतं तरी तळव्यांचा बधिरपणा तसाच राहिला असता आणि आम्ही सगळे म्हणत बसलो असतो की ऑपरेशन फसलं. रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व खूपच कमी आलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होतं, आणि मी शाकाहारी. मूत्रपिंडाचं काम ज्यावरून कळतं ते क्रिएटिनीनही वाढलं होतं. दुखण्याच्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या, बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली. मुंग्यांसाठी रात्री एक गोळी दिली, ती अगदी कमी मात्रेत. त्या गोळीने सकाळी चक्कर येऊ शकते, म्हणून उठल्यावर पलंगाच्या कडेवर थोडा वेळ बसायचं आणि मगच पाऊल टाकायचं, असं दोनदा बजावलं.

चिखल्यांसाठी मलम दिलं आणि जोडवी काढायला सांगितली. बोटं सुजली होती, जोडव्याखाली ओल धरत होती. लग्नानंतर ती कधी पायातून उतरली नव्हती. घरी आल्यावर साबण लावून ह्यांनी ती हलक्या हाताने काढली. एक निघेना, ते सोनाराकडे जाऊन कापावं लागलं. जोडवी मी देवघरातल्या डबीत ठेवली आहेत. कोणी विचारलं तर खरं कारण सांगते, कारण माझ्या वयाच्या कितीतरी बायकांच्या जोडव्याखाली हेच चाललेलं असणार.

पुढची गोष्ट लिहायला मला जड जातं, पण लिहिते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तळवे रोज बघायचे. मला वाकून स्वतःचा तळवा दिसत नाही. आरशात बघायचा तर मोतीबिंदूमुळे बारीक चीर दिसायची नाही. हे म्हणाले, मी बघत जाईन. मी नाही म्हटलं. नवऱ्याने बायकोच्या पायांना हात लावायचा, हे माझ्या संस्कारांत बसत नव्हतं. माझ्या आईने हे ऐकलं असतं तर कानांवर हात ठेवले असते. ह्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चष्मा लावला, टॉर्च घेतला, समोर पाट ओढून बसले आणि म्हणाले, "पन्नास वर्षं तू माझं सगळं केलंस. दाखव."

तेव्हापासून रोज दिवेलागणीनंतर हे चालतं. आधी टाचा, मग चवडा, मग बोटांच्या बेचक्या. पाय कोमट पाण्याने धुवायचे, पण पाणी किती गरम आहे ते माझ्या पायाने नाही, त्यांच्या कोपराने बघायचं. बधिर पायाला पोळल्याचं कळत नाही. शेकायच्या पिशवीवर तर कायमची बंदी. बेचक्या कोरड्या पुसायच्या. भेगांना युरियाचं क्रीम, पण बोटांच्या मध्ये नाही. नखं सरळ कापायची, कडा खोल गोल करायच्या नाहीत. कुरूप ब्लेडने तासायचं नाही आणि औषधाची पट्टीही लावायची नाही. त्या पट्टीत आम्ल असतं, ते कुरुपाबरोबर चांगली कातडीही खातं आणि मधुमेहीला तिथे जखम होते. माझं कुरूप डॉक्टरांनीच दवाखान्यात तासलं. खाली जखम नव्हती, हे नशीब.

कुरूप मुळात होतं कशाने? एकाच जागी सतत दाब पडल्याने. वय वाढतं तसा चवड्याखालचा आणि टाचेखालचा चरबीचा गादीसारखा थर पातळ होतो, बोटं वाकडी होतात, पाऊल पसरतं. मी मात्र निवृत्तीच्या आधीच्याच मापाच्या चपला घेत होते. डॉक्टरांनी मला एमसीआरच्या चपला करून देणाऱ्या कारागिराकडे पाठवलं. एमसीआर म्हणजे सूक्ष्म छिद्रांचं मऊ रबर. दाबलं की दबतं आणि पुन्हा वर येतं. या रबराच्या चपला आपल्याकडे आधी कुष्ठरुग्णांसाठी आल्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोगात पायांना जखमा होतात त्या मांस कुजून नव्हे, तर संवेदना गेल्यामुळे दुखापत कळत नाही म्हणून. मधुमेहाच्या बधिर पायाचं दुखणं तेच, म्हणून उपायही तोच. कारागीर म्हणाले, काही लोक अजूनही या चपला बघून नाक मुरडतात, घरात घालतो पण बाहेर नको म्हणतात. मला त्याचं वाईट वाटलं. ज्या माणसांच्या पायांमुळे हे ज्ञान आपल्याला मिळालं, त्यांचं ऋण मानायचं की त्यांच्या नावाने लाजायचं?

त्यांनी माप संध्याकाळी घेतलं, कारण दिवसभरात पाय सुजतो. दोन्ही पावलं कागदावर ठेवून, उभं करून, पेन्सिल अगदी सरळ धरून रेघ मारली. उजवं पाऊल डाव्यापेक्षा लांब निघालं, माप मोठ्या पावलाचं धरलं. सगळ्यांत लांब बोटापुढे बोटभर जागा. अंगठ्याची चप्पल नाही, वरून रुंद पट्टे, आणि टाचेमागे पट्टा. तो मागचा पट्टा महत्त्वाचा, त्यामुळे चप्पल निसटत नाही आणि ती धरून ठेवायला बोटं आवळावी लागत नाहीत. या चपला मी घरातही घालते. देवघरात तेवढ्या काढते, तिथे जाड सतरंजी घातली आहे.

आता कंबर. फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या नातीच्या वयाची. पहिल्या दिवशी तिने मला खुर्चीतून उठायला, ३ मीटर चालायला, वळून परत यायला आणि बसायला सांगितलं. हातात मोबाइलचं घड्याळ. याला १२ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला धरतात. मला बरेच जास्त लागले. तिने आकडा सांगितला, पण चेहऱ्यावर काळजी दाखवली नाही. म्हणाली, "काकू, कंबर बघूच. पण आधी मांड्या आणि पोटऱ्या. त्या दमल्या की सगळं वजन कंबरेवर येतं."

व्यायाम साधेच होते. उताणं झोपून गुडघे दुमडायचे, पोट आत घेऊन कंबर गादीला टेकवायची. एकेक गुडघा छातीकडे घ्यायचा, मग दोन्ही. मागे वाकायचा कुठलाच व्यायाम नाही. योगवर्गात मी भुजंगासन करत होते, ते तिने बंद केलं. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं. ओटा धरून टाचा उचलणं. एका पावलापुढे दुसरं पाऊल लावून उभं राहणं, हेही ओट्याशीच, म्हणजे तोल गेला तर धरता येतो. सुरुवातीला उठणं-बसणं मला जमेचना. तिने खुर्चीवर जाड उशी ठेवून ती उंच केली आणि काही आठवड्यांनी उशी काढून घेतली. त्या दिवशी घरी येऊन मी मुलाला फोन केला.

काठी घ्यायला मी तयार नव्हते. काठी घेतली की माणूस म्हातारं ठरतं. ती म्हणाली, "पडलात तर पडूनच राहाल. काठीने चालाल." माझा उजवा पाय जास्त कमकुवत, म्हणून काठी डाव्या हातात. हे आधी उलटं वाटतं, पण आपण चालतो तेव्हा विरुद्ध बाजूंचे हात-पाय एकत्र पुढे जातात आणि कमकुवत पायाचं वजन काठी घेते. उंची मनगटाच्या घडीइतकी, कोपर किंचित वाकलेलं. खालचं रबरी बूच झिजलं की लगेच बदलायचं, गुळगुळीत बुचाची काठी फरशीवर सटकते. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कमकुवत पाय आणि काठी. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ पासून आहे. वय ६५ च्या पुढे आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असेल, तर अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात येतात. मला पेन्शन असल्याने मी त्यात बसत नाही, पण आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या सासूचा अर्ज मी स्वतः भरून दिला.

जमिनीवरून उठायलाही तिने शिकवलं, कारण पडलं तर उठता आलं पाहिजे. आधी कुशीवर वळायचं, मग हात आणि गुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्चीपाशी जायचं, खुर्चीवर हात टेकवून चांगल्या पायाचं पाऊल पुढे रोवायचं आणि उठायचं. सतरंजीवर तिच्या आधाराने हे मी पुन्हा पुन्हा केलं. पडण्याची जी भीती मनात बसली होती ती याने जितकी कमी झाली तितकी दुसऱ्या कशाने झाली नाही.

घरात बदल थोडेच केले. न्हाणीघरात आणि संडासात भिंतीला धरायच्या दांड्या, त्याही भिंतीत पक्क्या ठोकून. कमोडवर उंच बैठक. पलंगाजवळ रात्रीचा छोटा दिवा. पायपुसणी सगळी काढली, एक फक्त दारात ठेवली, खालून रबर असलेली. पोळ्या करताना ओट्याजवळ एक बुटकं स्टूल ठेवते आणि त्यावर आळीपाळीने एकेक पाय टेकवते. त्याने कंबर जराशी वाकलेली राहते आणि पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभं राहता येतं.

ऑपरेशनला मी नाही म्हटलेलं नाही. मणक्यांच्या दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मला आधी चालवलं, टाचांवर, मग चवड्यांवर. बोटं वर ओढण्याची ताकद दोन्ही पायांत बघितली. ते म्हणाले, ताकद शाबूत आहे, चालणं वाढतंय, तोवर थांबायला हरकत नाही. पण पाऊल लुळं पडून फरफटायला लागलं, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा दोन मांड्यांमधली बसण्याची जागा बधिर झाली, तर दिवस-रात्र न बघता त्याच वेळी यायचं. हे तीन मुद्दे ह्यांनी कागदावर लिहून फ्रिजवर लावले आहेत. माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंनी हेच ऑपरेशन करून घेतलं आणि त्या आज छान चालतात. त्यांना गरज होती. मला आत्ता नाही.

सगळं पूर्ववत झालेलं नाही. अंगठ्यांचा बधिरपणा तसाच आहे, तो जाईल असं कोणी सांगितलेलंही नाही. उतारावर अजून मध्ये बसावं लागतं, फक्त पूर्वीपेक्षा बरंच पुढे जाऊन. आणि एसटीची पहिली पायरी! ह्यांना ७५ च्या पुढचे म्हणून २०२२ पासून प्रवास मोफत आहे, मला बाई म्हणून अर्धं तिकीट. पण ती पायरी इतकी उंच की आमच्यासारख्यांना सवलतीचा उपयोग करायला आधी कोणीतरी वर ओढून घ्यावं लागतं. जी माणसं सवलतीची वयं ठरवतात त्यांनी पायरीची उंचीही बघावी, असं मला मनापासून वाटतं. वाईला बहिणीकडे जायचं तर मी कंडक्टरला आधीच सांगते, पहिल्या पायरीला हात द्या. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

बहिणीचे पाय मी त्याच भेटीत बघितले. तिलाही मधुमेह, तिच्याही टाचेला खोल भेग, आणि तिचेही मोजे कोणत्याच डॉक्टरांनी कधी काढायला लावले नव्हते. पुढच्या आठवड्यात तिला आमच्या डॉक्टरांकडे आणते आहे. माझ्या चपलांचं रबर टाचेखाली दबलंय, कारागिरांनी ते वर्षभराच्या आत बदलायला सांगितलंच होतं. दुसरा जोड टाकला आहे, या वेळी मागचा पट्टा जरा रुंद करायला सांगितलाय. बहीण आली की तिचंही माप त्याच फेरीत देऊन टाकू.